प्रति: हंपीसाठी कुठली लेन्स?
१८-५५ आणि ५५-२५० (मिमी; आकडा लहान तेवढं दृश्य रुंद, मोठा तेवढं लांबचं जवळ) या दोन्ही लेन्स न्यायच्या की एकच १८-१३५ घ्यायची असं विचारलंय, तर डोळे झाकून १८-१३५ घ्या. विठ्ठल मंदिरात दगडी रथ अख्खा बसवायला १८ लागतं आणि लगेच खांबावरचं कोरीवकाम जवळून हवं असतं, तिथे धुळीत लेन्स बदलत बसलात की सेन्सरवर (कॅमेऱ्यात चित्र टिपणाऱ्या चिपवर) डाग आलेच म्हणून समजा. मंडपात अंधार असतो नि १३५ला अ‍ॅपर्चर (प्रकाश आत घेणारं छिद्र) ५.६च मिळतं, म्हणजे उजेड कमीच येतो, पण दगड काही हलत नाही, आयएस (हात हलला तरी फोटो स्थिर ठेवणारी लेन्समधली सोय) चालू ठेवून शटर १/३० सेकंदापर्यंत उतरवा. माणसं असतील तर आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाश टिपण्याची संवेदनशीलता) वाढवण्यावाचून गत्यंतर नाही. टॅमरॉनच्या १८-४०० च्या मोहात पडू नका, ७०० ग्रॅम धूड गळ्यात घालून मातंग टेकडी कोण चढणार! जवळच्या दरोजी अभयारण्यात अस्वलं बघायला जाणार असाल तर मात्र ५५-२५० राहू द्या, विकून असे किती पैसे येणारेत.