वर्गात चर्चा घेतलीत? रंगली की फसली?

आठवीला नागरिकशास्त्र शिकवते. 'नागरिकांची कर्तव्ये' मुलं पाठ करून येतात, पेपरात उतरवतात, विसरतात. यंदा पुस्तक मिटलं आणि विचारलं, "मधल्या सुट्टीत आपलं ग्रंथालय बंद का?" कुणी बोलेना. शिक्षक प्रश्न विचारून जेमतेम सेकंदभर थांबतात आणि तीन सेकंद थांबले तर उत्तरं लांबतात, हे अमेरिकेतल्या शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी 1970च्या दशकातच दाखवलंय. मनात आकडे मोजत राहिले. शेवटच्या बाकावरून आवाज आला, "उघडं ठेवून बसणार कोण, बाई?" मग जी जुंपली! आठवड्याने आठ जणींनी पाळ्यांचा तक्ता करून मुख्याध्यापकांना अर्ज दिला. मंजुरी दोनच दिवसांची मिळाली. मुली अजून नाराज आहेत, मला ते आवडलंय.

तुमचेही अनुभव लिहा. फसलेले आधी.

*

मग माझा घ्या. विषय होता, मतदानाचं वय 16 करावं का? ऑस्ट्रियाने 2007 मध्ये केलं, एवढीच माहिती दिली. पहिला मुलगा 'करावं' म्हणाला आणि माझ्या तोंडून निघालं, "वा!" संपलं. पुढचे सगळे करावंच म्हणाले. सरांना काय हवंय ते मुलांना आपल्याआधी कळतं. समाजात जे वादग्रस्त आहे ते वर्गातही वादग्रस्त म्हणूनच मांडावं, मुलांवर मत लादू नये, हे जर्मनीत 1976 मध्येच बॉयटेल्सबाख गावी राजकीय शिक्षणातल्या जाणकारांच्या बैठकीत ठरलं होतं. मला एका 'वा'नंतर कळलं. आता जोड्या पाडतो, अर्ध्या वेळाने बाजू बदलायला लावतो. एक जण कुरकुरला, "सर, उलटं बोलताना माझंच मत डळमळलं."

*

मी शिक्षिका नाही, वर्गात कधीच न बोलणारी विद्यार्थिनी होते. आमच्या बाई चिठ्ठीवर मत लिहून घ्यायच्या, नाव न घेता वाचायच्या. एकदा माझी चिठ्ठी वाचली आणि एक मुलगा म्हणाला, "हे कुणी लिहिलंय, काहीतरीच!" माझा हात वर गेला. नाव गुप्त राहायचं होतं, तेही विसरले. अजून सभेत बोलायला उठले की छातीत धडधडतं, पण उठते.

*

पालक म्हणून तक्रार: चर्चा म्हणजे तेच चार जण. लेक रोज सांगायची. मग तिच्या सरांनी प्रत्येकाला तीन खडे दिले, बोललं की एक खाली ठेवायचा. बडबड्यांचे पाच मिनिटांत संपले! पण तास संपताना हातात तिन्ही खडे उरलेल्या मुलाकडे सगळे बघतात, त्याचं काय?

*

सगळं छान आहे हो. पन्नास मुलं, पस्तीस मिनिटं, पोर्शन कोण पुरा करणार? 28 देशांतल्या सुमारे 90,000 चौदा वर्षांच्या मुलांची 1999 मध्ये पाहणी झाली. ज्यांना वर्गात मोकळेपणाने बोलता येतं असं वाटत होतं, त्यांची नागरी जाण बरी होती आणि पुढे मत देऊ म्हणणारेही त्यांच्यात जास्त होते. पण चौदाव्या वर्षी 'देईन' म्हणणं वेगळं, रांगेत उभं राहणं वेगळं. शिवाय चर्चेमुळेच हे झालं, असं त्यातून सिद्ध होत नाही.

तरी शुक्रवारची दहा मिनिटं राखलीत. परवाचा विषय: वर्गप्रतिनिधी शिक्षकांनी नेमावा की मुलांनी निवडावा? घंटा झाली तरी दोघी भांडत जिन्यापर्यंत गेल्या. सोमवारी निवडणूक आहे. पोर्शन दोन धडे मागे.