पाचवा महिना चालू आणि मोठा पोट्टा कडेवरून उतरत नाही, काय करू?

संत्राबर्फी
नमस्कार मैत्रिणींनो, दुसऱ्यांदा पाचवा महिना सुरू आहे, मोठा पावणेदोन वर्षांचा. मेच्या शेवटची तारीख दिली आहे म्हणजे नागपुरात ऐन भट्टीत. पहिलं सीझर होतं. आम्ही मानेवाड्याला तिसऱ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट नाही, आणि जिन्यापाशी आलो की साहेब दोन्ही हात वर करून "कले, कले" सुरू करतात, एक पायरी चढत नाही. नवरा मिहानला, शिफ्टची नोकरी, त्यामुळे संध्याकाळी मी एकटीच असते.
दुसरं म्हणजे अंगावरचं दूध. सासूबाई म्हणतात पोटुशी बाईचं दूध मोठ्याला बाधतं, बंद कर, तो किरकिर करून राहिला तर "पाठचं येऊन राहिलं ना म्हणून". शेजारच्या काकूंनी कडूनिंबाचा पाला वाटून लावायला सांगितला. लावला. त्याने माझ्याच ओढणीने पुसून घेतलं आणि प्यायला बसला!! आता हसू की रडू.
आणि आता घरात वाद असा की पहिलं बाळंतपण माहेरी झालं तर दुसरं सासरीच, म्हणजे इथेच. आई यवतमाळहून म्हणते मग मोठ्याला तरी माझ्याकडे पाठव दोन महिने. मला ते पटत पण आहे आणि नाही पण. कोणी केलंय का असं?

दोन_पोट्ट्यांची_माय
ओढणी 😂😂 हुशार आहे पोट्टा.
दुधाचं सांगते. प्रेग्नन्सी नॉर्मल असेल तर पाजल्याने ना मोठ्याला बाधत ना पोटातल्याला. माझ्या डॉक्टरने एवढंच विचारलं होतं की ब्लीडिंग झालंय का, आधीचं बाळ दिवस भरायच्या आधी झालं होतं का, जुळं आहे का. यातलं काही असेल तर मात्र त्यांना विचारल्याशिवाय चालू ठेवू नको. तसंही चौथ्या-पाचव्या महिन्यापासून दूध कमी होतं, चवही बदलते, बरीच पोरं आपणहून सोडतात. माझीने एक दिवस तोंड वाकडं केलं आणि "नको" म्हणून निघून गेली, मलाच वाईट वाटलं बाप्पा. सोडलं नाही तरी चालतं, फक्त बाळ झाल्यावर पहिले काही दिवस आधी लहान्याला पाजायचं, तेव्हाचा चीक त्याच्यासाठी असतो. आणि तू पोटभर खा म्हणजे झालं, दोघांचं तुझ्यातूनच जाऊन राहिलं.

खामल्याची_वहिनी
जिन्याचं माझ्याकडून ऐक. आता उचललं म्हणून काही होत नाही बहुतेक वेळा, डॉक्टरने मनाई केली असेल तर गोष्ट वेगळी. कमरेतून वाकू नको, गुडघे वाकवून बस, त्याला छातीशी धर आणि मग उठ. पण खरी गंमत नंतर आहे, परत सीझर झालं तर सहा आठवडे बाळापेक्षा जड काही उचलायचं नाही म्हणतात, आणि तुझा दोन वर्षांचा गडी तेव्हा बारा किलोचा असेल! म्हणून त्याची सवय आतापासूनच बदल. तू खाली बस, तो मांडीवर चढेल. पलंगाजवळ छोटा पाट ठेव. जिन्यात आम्ही प्रत्येक पायरीला एका भाजीचं नाव घेत होतो, वांगं, भेंडी, दोडका, वेळ लागतो भरपूर पण चढतात. पिशव्या खालीच ठेवून ये, नवरा आणेल रात्री.
यवतमाळला पाठवू नको असं माझं मत. मागे वळून बघितलं तर आई गेली, आणि परत आला तर आईच्या कुशीत दुसरंच कोणी. त्यापेक्षा आईला इकडे बोलव ना.

वर्ध्याची_सून
मी उलट सांगेन. आमची मोठी आजीकडे राहिली आणि मजेत राहिली, गोठा, मांजरं, मामा. मला झोप मिळाली ती वेगळीच. पण एकदम नेऊन सोडू नका, आतापासून दोन-दोन दिवस राहायची सवय लावा. आणि पाठवायचंच तर डिलीव्हरीच्या वेळेलाच नको, निदान बाळाला बघून तरी जाऊ दे. सगळ्या पोरांना एकच नियम लावून चालत नाही वहिनी.

डागाच्या_गल्लीतली
थोडं कागदपत्रांचं बोलते, कोणी बोलत नाही म्हणून. नोकरी करत असशील तर दुसऱ्या मुलालाही 26 आठवडे पगारी रजा आहे, त्यातले 8 आठवडे आधी घेता येतात. मागच्या 12 महिन्यांत 80 दिवस काम झालेलं पाहिजे. 12 आठवडे लागतात ते दोन मुलं आधीच असतील तेव्हा. मातृवंदना योजनेत पहिल्या वेळी 5000, दुसऱ्या वेळी मुलगी झाली तरच 6000 मिळतात, अटी आहेत, अंगणवाडीत विचार. सरकारी दवाखान्यात दर महिन्याच्या 9 तारखेला गरोदर बायांची मोफत तपासणी असते. मागच्या वेळेस धनुर्वाताची दोन इंजेक्शनं घेतली असतील आणि तीन वर्षं झाली नसतील तर या वेळी एकच बूस्टर लागतो, ते कार्ड घेऊन जा. आणि सीझर आधीचं असल्याने जिथे रात्रीबेरात्री ऑपरेशन आणि रक्ताची सोय आहे असंच हॉस्पिटल धर. नॉर्मल करून बघायचं की नाही ते डॉक्टरशी आताच बोलून ठेव, कळा सुरू झाल्यावर नाही.

संत्राबर्फी
बापरे, एचआरवाले मला दुसऱ्याला तीनच महिने म्हणून सांगून राहिले होते! उद्याच मेल टाकते. आईला इकडे बोलवायचं सासूबाईंच्या कानावर घातलं, "हौ, येऊ दे, मला पण सोबत" म्हणाल्या, मी उगाच घाबरत होते. झोपायची खोली एकच असल्याने कोण कुठे झोपणार ते बघायचंय. उन्हाचं काय करता तुम्ही?

दोन_पोट्ट्यांची_माय
पाणी, ताक, आंब्याचं पन्हं, दिवसभर घोट घोट. पाणी कमी पडलं की पोट कडक होतं, मी तर कळा समजून घाबरले होते. तरी पाणी पिऊन, पडून पण थांबलं नाही, किंवा अंगावरून पाणी-रक्त गेलं, बाळ हलेनासं झालं तर सरळ दवाखाना, ऊन-तहान बघायची नाही. अकरा ते पाच घराबाहेर पडू नको, सोनोग्राफीची वेळ सकाळची माग. आणि कूलरच्या ताट्या मार्चमध्येच बदलून घे, एप्रिल लागला की कूलरवाला फोन उचलत नाही. अर्थिंग पण तपासून घे, पोट्टे ओल्या पायाने जाऊन कूलरला हात लावतात.