शरद ऋतूवरची छोटी झीन : गावी पूर येऊन गेला असताना काढावी का, आणि कशी?

तरवड :
नमस्कार. आम्ही पाच मैत्रिणी पुण्यात एकत्र राहून शिकतो. शरद ऋतूवर एक झीन, म्हणजे स्वतः लिहून, झेरॉक्स काढून ओळखीच्यांत वाटायची छोटी पुस्तिका, काढायची असे जूनमध्येच ठरले होते. प्राजक्त, कोजागरी आणि पावसानंतरचे धुतलेले आकाश असे विषयही वाटून घेतले होते. पण २०२५ च्या सप्टेंबरमध्ये, ऐन घट बसण्याच्या दिवसांत, सीना नदीला पूर आला. आमच्यातल्या दोघी परांडा तालुक्यातल्या आहेत. एकीच्या घरात चिखल शिरला. दुसरीचे सोयाबीन पाण्याखाली गेले आणि पाणी ओसरल्यावर उभ्या पिकाच्या शेंगांना कोंब फुटलेले दिसले. त्या दोघीच म्हणतात की झीन काढायची. उरलेल्या आम्हा तिघींना मात्र चांदण्यावर लिहिताना हात जड होतो. अशा वेळी विषय बदलावा का? साठ प्रती हव्या आहेत आणि खर्च झेरॉक्सपुरताच झेपेल.

बांधावरून :
विषय बदलू नका, तो तुमच्या गावचा करा. झीनचे नमुने शोधले की बहुतेकांवर लाल-पिवळी गळणारी पाने दिसतात, परंतु ती थंड प्रदेशातली शरद आहे. आपल्याकडची पानगळ शिशिरात सुरू होते. आपले आश्विन-कार्तिक म्हणजे परतीचा पाऊस, सोयाबीनची काढणी, घटाला वाहिलेली कारळ्याच्या आणि तरवडाच्या फुलांची माळ. (तुम्ही घेतलेले नावच त्या ऋतूतले आहे.) घटासाठी माती शेतातून आणतात, आणि यंदा किती तरी शिवारांतली तीच माती खरडून गेली. त्यामुळे पूर हा तुमच्या शरदेच्या बाहेरचा विषय नाही आणि प्राजक्तही खोटा ठरत नाही. दोन्ही एकाच पंधरवड्यात घडले.

एक गोष्ट मात्र मनापासून सांगते. त्या दोघींनी पुरावरच लिहावे असा आग्रह धरू नका. ज्याचे घर चिखलात गेले त्याला कधी कधी चंद्राबद्दलच बोलायचे असते. त्यांना आधी पाने निवडू द्या आणि उरलेल्या पानांवर तुम्ही तिघी लिहा.

दाभण :
मी बाइंडिंगचे काम करतो, म्हणून बांधणीपुरते सांगतो. साठ प्रतींसाठी एकाच ए-फोर कागदाची आठ पानी झीन सर्वांत स्वस्त पडेल, कारण छपाई एकाच बाजूला होते आणि दोरा किंवा पिन काहीच लागत नाही. कागद आडवा धरून त्याची आठ सारखी घरे पडतील अशा घड्या घाला. लांबीच्या मधल्या घडीवर फक्त मधल्या दोन घरांपुरता काप द्या आणि कागद लांबीत दुमडून, दोन्ही टोके एकमेकांकडे ढकलून पुस्तकासारखा मिटा. मांडणी करताना खालच्या ओळीत डावीकडून सहा, सात, आठ आणि एक ही पाने सुलटी येतात, तर वरच्या ओळीत पाच, चार, तीन आणि दोन ही उलटी. आठवे पान मलपृष्ठ आणि पहिले मुखपृष्ठ. आधी रद्दी कागदावर आकडे घालून एक कोरी प्रत करून पाहा. इथे घाई केली की साठच्या साठ प्रती वाया जातात.

एक पान साधारण ७४ × १०५ मिलिमीटरचे होते, तेव्हा मजकूर आटोपशीर हवा. काळ्या शाईने लिहा, कारण पेन्सिल आणि फिकी निळी शाई झेरॉक्समध्ये पुसट उमटते. कडेला निदान पाच मिलिमीटर समास सोडा. सोळा पानांची करायची झाली तर चार कागद दोन्ही बाजूंनी छापून, निम्म्यात दुमडून मधोमध शिवावे लागतील. साधा स्टेपलर मधल्या घडीपर्यंत पोहोचत नाही, त्यामुळे दाभणाने तीन भोके पाडून जाड दोरा ओवा.

जुना वाचक :
झेरॉक्सची प्रत गरीब दिसेल अशी शंका असेल तर ती सोडून द्या. मराठीत १९०९ साली ‘मनोरंजन’ मासिकाने पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून शरद हा आपला अंकांचाच हंगाम आहे, आणि पुढे अनियतकालिकांच्या, म्हणजे ठरावीक मुदत न पाळता निघणाऱ्या छोट्या अंकांच्या काळात तरुण कवींनी सायक्लोस्टाइलवर (मेणकागदावरून प्रती काढायच्या जुन्या यंत्रावर) काढलेले अंकही लोकांनी जपून ठेवले. तुमच्या प्रतीवर महिना, वर्ष आणि गावांची नावे अवश्य घाला. ते बहुतेक जण विसरतात.

तरवड :
सर्वांचे मनापासून आभार. आठ पानांचीच करतो आहोत. जिचे सोयाबीन गेले तिने कोजागरी मागून घेतली. दुसरीने चिखलातून काढून दोरीवर वाळवलेली आईची हिशेबाची वही आणली आहे, आणि आईंना विचारून तिचे एक पान आम्ही चौथ्या-पाचव्या पानांवर सलग घेत आहोत. पहिल्या झेरॉक्समध्ये चिखलाची रेघ इतकी काळी आली की खालची अक्षरे बुडाली. दुकानदाराने यंत्रावर दोन पायऱ्या फिके केल्यावर डाग करडा झाला आणि ‘बियाणे, तीन पिशव्या’ हे शब्द वाचता आले.