कमल बस्तीचे छत ठोकळ्यांत: ७२ पाकळ्या बसवाव्यात की २४ वर थांबावे?

टिळकवाडीकर (प्रश्न)

नमस्कार मंडळी. बेळगावच्या किल्ल्यातील कमल बस्तीच्या (बस्ती म्हणजे जैन मंदिर) मंडपाचा मधला चौक मी गेल्या सात महिन्यांत लेगोच्या ठोकळ्यांत बांधला असून त्याची सहा छायाचित्रे सोबत जोडली आहेत. कोणत्याही तयार संचाच्या पुस्तिकेवरून नव्हे, तर पूर्णपणे स्वतः आखून केलेले, म्हणजे आपल्या छंदात ज्याला ‘मॉक’ म्हणतात तसे, हे माझे पहिलेच मोठे काम आहे.

प्रमाण ठरवताना मी लेगोचा माणूस धरला. तो सुमारे ४ सेंटिमीटर उंचीचा असतो. बस्तीत माझ्या मुलीला स्तंभाशेजारी उभे करून छायाचित्र काढले आणि तिच्या उंचीवरून बाकीची मापे हिशेबाने काढली. त्या हिशेबात चार स्तंभांमधला चौक १२ स्टडांचा (स्टड म्हणजे ठोकळ्यावरचा गोल उंचवटा; एकाची जागा ८ मिलिमीटर), म्हणजे ९६ मिलिमीटरांचा आला. छत मी उलटे बांधले आहे, म्हणजे स्टड खाली, पाहणाऱ्याकडे तोंड करून आहेत, जेणेकरून कमळ त्यांच्यावर थेट बसवता यावे.

अडचण याच कमळाची आहे. मूळ दगडी कमळाला ७२ पाकळ्या आहेत. माझी एक पाकळी म्हणजे क्लिप असलेली १×१ ची प्लेट (पातळ ठोकळा) आणि तिच्यावर एका बाजूने गोल असलेली १×१ ची टाइल (वर स्टड नसलेला सपाट तुकडा). तिची रुंदी ८ मिलिमीटर. अशा ७२ पाकळ्या एका ओळीत लावल्या तर परीघ ५७६ मिलिमीटर होतो आणि व्यास जवळजवळ २३ स्टड, म्हणजे चौकाच्या दुपटीच्या घरात. एका ओळीत २४ पाकळ्या मात्र सहज मावतात. आता मी २४ वरच थांबावे, की सगळा मंडप मोडून दुप्पट प्रमाणावर पुन्हा बांधावा?

आणखी एक मनापासून सांगतो. दिवाळीत आमच्या गल्लीतली मुले मातीचा किल्ला करतात, तेव्हा पाहायला आलेला जाणता माणूस उभ्याउभ्या ‘छान’ म्हणून पुढे जात नाही. तो किल्ल्यापुढे उकिडवा बसतो आणि बुरुजाला आतून आधार कशाचा दिला, तटाची माती खचू नये म्हणून खाली गोणपाट घातले का, असे विचारतो. माझ्या कामाकडे आपण तशाच नजरेने पाहावे, एवढी विनंती आहे.

उद्यमबागकर

टिळकवाडीकर, मी आधी कमळावर येत नाही, कारण तिसऱ्या छायाचित्रातल्या स्तंभावरून माझी नजर हलायला तयार नाही. मी बावीस वर्षे लेथवर काम करतो. बस्तीचे ते काळेभोर गुळगुळीत स्तंभ पाहणारा आमच्या धंद्यातला कोणीही माणूस पहिल्यांदा त्यांच्या अंगावरचे कंगोरे बोटाने चाचपतो, कारण दगड फिरता ठेवून त्यावर हत्यार धरल्याशिवाय इतके गोल काम निघत नाही हे त्याला हातानेच कळते. आपण नेमके तेच पकडले आहे. घंटेसारख्या फुगवट्याच्या लगेच खाली जी बारीक खाच दिसते, ती काढण्यासाठी आपण अॅक्सलवर अर्धा बुश, म्हणजे दांडीवर बसणारी छोटी चकती, घातलेला दिसतो. त्याची जाडी ४ मिलिमीटर, म्हणजे अर्धा स्टड. गोल ठोकळे एकावर एक नुसते रचले असते तर स्तंभ पाइपासारखा दिसला असता. त्या एका खाचेत सावली बसते आणि प्लास्टिकचा जॉब दगडी वाटू लागतो. शिवाय अॅक्सल मधून आरपार गेल्यामुळे स्तंभ उचलला तरी सुटत नाही आणि डिंकाचा थेंबही लागत नाही. हे काम ज्याने केले त्याला टर्निंग कळते, असे मी माझ्या शेजारच्या मशीनवाल्यालाही छायाचित्र दाखवून सांगितले.

एक उणीव सांगतो. चारही स्तंभांवर आपण कंगोरे समान अंतरावर घेतले आहेत. प्रत्यक्षात ते वरच्या भागात दाट होतात आणि खाली विसावतात. वरच्या दोन खाचांमधला एक गोल ठोकळा काढून त्याच्या जागी गोल प्लेट घातली, तर ९.६ मिलिमीटरांऐवजी ३.२ मिलिमीटरांचे अंतर राहील आणि ती दाटी आपोआप येईल. कमी झालेली उंची खाली, चौरस बैठकीत दोन प्लेटी वाढवून भरून काढता येईल.

आता कमळ. मंडप मोडू नका आणि पाकळ्याही कमी करू नका. ७२ पाकळ्या एकाच ओळीत हव्यात असे कुठे आहे? २४ च्या तीन ओळी करा, प्रत्येक ओळ एका गोल कड्यावर चढवा, आणि तिन्ही कडी एकाच मापाची घेऊन एकाखाली एक टांगा. क्लिप कड्याभोवती फिरते, त्यामुळे प्रत्येक ओळीचा कल वेगळा ठेवता येतो: सर्वांत वरची ओळ छताला समांतर, पूर्ण उमललेली, मधली ४५ अंशांत झुकलेली, खालची जवळजवळ सरळ लोंबणारी. खालून पाहणाऱ्याला तिन्ही ओळी एकात एक दिसतील. खालची ओळ मात्र आतल्या बाजूला वळवू नका, कारण आत जागा आवळत जाते आणि पाकळ्यांची टोके एकमेकींना भिडतील.

हिशेब असा की कड्याचा व्यास ८ स्टड, म्हणजे ६४ मिलिमीटर घेतला तर परीघ सुमारे २०१ मिलिमीटर होतो आणि प्रत्येक पाकळीच्या वाट्याला ८.४ मिलिमीटर येतात. वरची ओळ पूर्ण उघडली तरी एकूण व्यास ११ स्टडांच्या आसपास राहील आणि आपल्या १२ स्टडांच्या चौकात ती मावेल. मधल्या पोकळीत ६×६ ची तबकडी उलटी लावली की कमळाचा गाभाही मिळतो.

कड्यासाठी लेगोची लवचीक नळी मिळाली तर उत्तमच. न मिळाल्यास वेल्डिंगची ३.१५ मिलिमीटरची रॉड घ्या, वरचा फ्लक्स (कोरडा लेप) झाडून टाका, तार पॉलिश पेपरने घासा आणि योग्य जाडीच्या पाइपावर वाकवून घ्या. क्लिप ज्या दांडीवर बसते ती ३.१८ मिलिमीटरची असते. तीन शतांश मिलिमीटरांचा फरक पाकळी धरून ठेवण्याच्या आड येत नाही. मी स्वतः करून पाहिले आहे.

दर्शनार्थी (किल्ला)

मी ठोकळ्यांच्या छंदातली नाही. माझा भाचा हे काम मला दाखवत होता म्हणून वाचले आणि लिहावेसे वाटले. त्या बस्तीत मी लहानपणापासून आईबरोबर दर्शनाला जाते.

दादा, पाकळ्यांची ७२ ही संख्या शोभेसाठी नाही. भूतकाळातले २४, वर्तमानातले २४ आणि भविष्यातले २४ अशा तीर्थंकरांच्या त्या पाकळ्या आहेत. रट्ट राजांच्या काळात, १२०४ मध्ये, बिचिराजाने ही बस्ती बांधली आणि छतातल्या त्या कमळावरूनच लोक तिला कमल बस्ती म्हणू लागले. म्हणून आपण २४ वर थांबला असता, तर कमळ सुंदर दिसले असते, पण त्यातले दोन काळ गळून पडले असते. वरच्या दादांनी २४ च्या तीन ओळी सुचवल्या आहेत. त्यांनी ते जागेच्या हिशेबाने सुचवले असेल, पण मला वाचताना अंगावर काटा आला, कारण कमळाचा अर्थच तसा आहे.

आपल्या कामातली मला सर्वांत भावलेली गोष्ट पाचव्या छायाचित्रात आहे. गाभाऱ्याच्या दारापलीकडे आपण काहीच ठेवलेले नाही, फक्त काळोख ठेवला आहे. नेमिनाथांच्या मूर्तीच्या जागी खेळण्यातली बाहुली बसवण्याचा मोह कोणालाही झाला असता. तो आपण टाळलात, याबद्दल मी आपले आभार मानते.

निपाणीकर

टिळकवाडीकर, अभिनंदन. छत उलटे बांधण्याचा निर्णय धाडसाचा आहे. पाच प्लेटींची उंची आणि दोन स्टडांची रुंदी दोन्ही १६ मिलिमीटर भरतात, या एकाच मेळावर अशी आडवी-उलटी बांधणी तोलली जाते, आणि आपण तुळईच्या जोडात तो मेळ कोठेही फट न पडू देता साधला आहे. चौथे छायाचित्र मोठे करून मी ती फट शोधली. मला सापडली नाही.

जोत्याबद्दल एक प्रश्न आहे. त्यातले काही ठोकळे तपकिरीकडे झुकणाऱ्या करड्या रंगाचे आणि काही निळसर करड्या रंगाचे आहेत. २००४ च्या सुमारास कंपनीने करडा रंग बदलला, त्यामुळे जुने आणि नवे ठोकळे शेजारी आले की अनेकांना तो दोष वाटतो आणि ते निवडून वेगळे काढतात. आपल्या जोत्यात मात्र तो दोष वाटत नाही. पावसाने जागोजागी रंग बदललेला दगड असतो तसे ते दिसते. हे मुद्दाम केले आहे का?

वेल्डिंगच्या रॉडविषयी मात्र माझे मत वेगळे आहे. उद्यमबागकर यांच्या हातोटीविषयी मला पूर्ण आदर आहे, परंतु ठोकळ्यांची बांधणी ठोकळ्यांतच पूर्ण व्हावी, असे मी मानतो. बाहेरची तार घेतली की अमुक गोष्ट ठोकळ्यांत होत नाही असे आपण मान्य करतो, आणि पुढच्या माणसाचा शोध तिथेच थांबतो. तरीही आपण रॉड वापरणार असाल, तर वर्णनात तसे स्पष्ट लिहावे आणि तीन कड्यांची कल्पना कोणाची, हेही लिहावे. एखाद्याची युक्ती उचलून तिचा उल्लेख न करणे हे या छंदात मी फार पाहिले आहे. माझ्याच एका छपराच्या कौलांची रचना दुसऱ्या कोणाच्या नावाने फिरताना मला दिसली होती आणि त्यानंतर बरेच महिने मी काहीही दाखवले नाही.

छायाचित्रांबद्दल एवढेच सुचवतो की काळे ठोकळे चकाकतात, म्हणून थेट दिव्याचा प्रकाश टाळावा. सकाळी उत्तरेच्या खिडकीपाशी नमुना ठेवावा आणि मध्ये बटर पेपर धरावा. कमळ पूर्ण झाल्यावर नमुना पुस्तकांच्या दोन थप्प्यांवर ठेवून फोन खाली, जमिनीवर, भिंग वर करून ठेवावा. बस्तीत मान वर करून जे दिसते तेच पाहणाऱ्याला दिसले पाहिजे.

उद्यमबागकर

निपाणीकर सर, उल्लेखाचा मुद्दा पटला. रॉडचा पटला नाही, पण नळी मिळेपर्यंत मापे तपासण्यासाठी तरी ती चालावी. टिळकवाडीकर, पाकळ्यांमधले अंतर डोळ्यांनी जुळवू नका; ०.४ मिलिमीटरचे फिलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) पानासारखे मध्ये सरकवत जा.

टिळकवाडीकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. उत्तर द्यायला तीन आठवडे लागले, कारण मी आधी करून पाहिले.

निपाणीकर सर, जोत्याचा रंग मुद्दाम केलेला नाही. पुण्याच्या मावसभावाकडून त्याचे नव्वदीतले जुने ठोकळे मिळाले होते आणि नवे घेण्याइतके पैसे त्या महिन्यात नव्हते, म्हणून दोन्ही मिसळले. आपण लिहिल्यानंतर मी बस्तीत जाऊन बाहेरचे जोते पुन्हा नीट पाहिले. आता उरलेल्या बाजूचे जोते मी तसेच, पण ठरवून, मिसळतो आहे: जुना रंग जमिनीलगत अधिक आणि वर कमी.

स्तंभांच्या वरच्या खाचा उद्यमबागकर यांनी सांगितल्याप्रमाणे दाट केल्या आहेत. एक स्तंभ बदलला आणि जुन्या तिघांशेजारी ठेवला, तेव्हा बाकीचे तिघे पाहवेनात. त्याच रात्री तेही बदलले.

ताई, आपले उत्तर वाचल्यावर २४ वर थांबण्याचा विचार मी सोडून दिला. गाभाऱ्याबद्दल खरे सांगायचे तर तिथे काय ठेवावे हे मला सुचत नव्हते आणि काहीही ठेवायला हात धजत नव्हता. तो तसाच राहील.

पहिले कडे मी रॉडचेच केले आणि वर्णनात तसे लिहिले आहे; लवचीक नळी मागवली असून ती आली की तिन्ही कडी नळीची करीन. तीन कड्यांची रचना उद्यमबागकर यांची, असे पहिल्याच ओळीत नमूद केले आहे. २४ पाकळ्या चढवल्यावर सुरुवातीला सगळी फट एकाच जागी साचली आणि तिथे पाकळी पडल्यासारखे दिसू लागले. फिलर गेज घेऊन दोन पाकळ्यांमध्ये सरकवत पूर्ण फेरी मारली, तेव्हा ती फट वाटली गेली आणि आता ती शोधूनही सापडत नाही. कडे छताला तीन क्लिपांनी धरले आहे. चौथी लागली नाही.

मधल्या कड्यावर सतरा पाकळ्या चढल्या आहेत. सात गोल टाइल कमी पडल्या, त्या नळीबरोबरच मागवल्या आहेत. पुस्तकांच्या थप्प्यांवर ठेवून खालून काढलेले अपुऱ्या कमळाचे एक छायाचित्र जोडतो आहे. मधल्या ओळीचा कल ४५ अंश ठेवला आहे, पण वरच्या ओळीची टोके त्यामागे थोडी झाकली जातात असे मला वाटते. तो ३५ वर आणावा का, हे कृपया पाहून सांगावे.