दुच्चोची मॅडोना उफिझीत असावी की तिच्या चर्चमध्ये?

निळाई: फ्लॉरेन्सला उफिझी संग्रहालय पाहून आले. इटलीच्या चित्रकलेची कितीतरी शतकं एका छपराखाली. पण मी अडकले ती सुरुवातीच्याच एका दालनात. चिमाबुए, दुच्चो आणि जोत्तो, तिघा जुन्या चित्रकारांनी रंगवलेली सिंहासनावरची मॅडोना, म्हणजे येशूची आई मेरी, तिथे एकत्र आहे. दुच्चोचं चित्र साडेचार मीटर उंच. १२८५ मध्ये फ्लॉरेन्सच्याच सांता मारिया नोव्हेल्ला चर्चमधल्या लाउदेसी मंडळाने ते करून घेतलं. ही माणसं जमून मेरीची स्तोत्रं गायची, आपलं भजनी मंडळच म्हणा. १५० लिरांचा करार. निळा रंग नि सोनं दुच्चोने पदरच्या पैशाने आणायचं, आणि काम पसंत पडलं नाही तर मंडळावर चित्र घेण्याची सक्ती नाही! १९४८ मध्ये ते चर्चमधून उफिझीत आलं. २०२० मध्ये तेव्हाचे संचालक आइक श्मिट यांनीच अशी चित्रं चर्चला परत द्यावीत असं सुचवलं होतं. मला ते मनापासून पटतं. ज्या गाण्यासाठी ते रंगवलं, ते गाणं संग्रहालयात कुठून येणार?

दगडफूल: मला नाही पटत. तिघी एका दालनात आहेत म्हणून तर कळतं. दुच्चोचे देवदूत अधांतरी गुडघे टेकून आहेत. जोत्तोच्या मेरीकडे वळा: वस्त्राखाली गुडघे जाणवतात, ती खरोखर बसली आहे, तिला वजन आहे. मधे जेमतेम पंचवीस वर्षं! हे मी पुस्तकात दहा वेळा वाचलं होतं, दिसलं ते तिथे उभं राहिल्यावर. शिवाय मूळ जागा म्हणजे नक्की कुठली? या चित्राला 'रुचेल्लाई मॅडोना' म्हणतात ते चर्चमधल्या ज्या चॅपेलवरून (छोट्या प्रार्थनाकक्षावरून), तिथे ते नंतर नेलेलं आहे.

निळाई: चॅपेल बदललं, चर्च नाही बदललं. रोमला सान लुइजी देई फ्रान्चेझी चर्चमध्ये चित्रकार कॅराव्हाज्जोचं 'मॅथ्यूचं बोलावणं' पाहा, येशू मॅथ्यूला शिष्य व्हायला बोलावतो ते चित्र. चित्रात उजेड उजवीकडून येतो, आणि चॅपेलची खिडकीही त्याच बाजूला, वेदीच्या वर. ते भिंतीवरून काढलं तर चित्राचा अर्धा जीव तिथेच राहील.

उंबरठा: आणि चोरी झाली तर? कॅराव्हाज्जोचंच येशूजन्माचं चित्र १९६९ मध्ये पालेर्मोच्या प्रार्थनामंदिरातून चोरीला गेलं, आजवर सापडलेलं नाही. १९६६ च्या पुरात फ्लॉरेन्सच्या सांता क्रोचे चर्चमधल्या, चिमाबुएने रंगवलेल्या क्रूसाचा बहुतेक रंग वाहून गेला. भक्तीने ओल थांबत नाही हो.

निळाई: १९९३ मध्ये उफिझीच्या शेजारी गाडीत बॉम्ब फुटला. पाच माणसं गेली, चित्रंही गेली. उलट जोत्तोचा मोठा क्रूस आजही सांता मारिया नोव्हेल्लातच टांगलेला आहे आणि उत्तम स्थितीत आहे.

दगडफूल: क्रूसाचं मान्य. चर्चला तो जपता येतो हेही मान्य. तरी या तिघींची ताटातूट नको. दुच्चो गेला की जोत्तोने काय केलं हे शेजारी उभं राहून सांगणारं तिथे कोण उरेल?