मदत हवी आहे: नाटकासाठी अ‍ॅम्प (अ‍ॅम्प्लिफायर) १४ हजाराचा घ्यावा की ४५ हजाराचा?

धानपट्टी_०७
नमस्कार मंडळी. शनिवारी आमच्या गावची मंडई (जत्रा) आहे आणि रात्री नाटक. मंडळाचा जुना अ‍ॅम्प आहे, पण दुसऱ्या अंकापासून आवाज फाटते. वडस्याचा एक दुकानदार १४ हजाराचा दाखवून राहिला, नागपूरचा दुसरा म्हणते ४५ हजाराचाच घ्या, आवाजात जमीन-अस्मानाचा फरक पडते. खरंच पडते का? वर्गणी गोळा झाली आहे, उद्या संध्याकाळपर्यंत ठरवायचं आहे. लवकर सांगून द्या.

सोल्डरगन
आधी जुन्याचं सांगा. किती वॅट? कोणत्या टॅपवर (अ‍ॅम्पमागच्या स्पीकर जोडायच्या पॉइंटवर) काय लावलं आहे? भोंगे आहेत की कॉलम (उभे लांबट स्पीकर) की बॉक्स, प्रत्येकाचे ओहम किती, तार कोणती, किती लांब? "फाटते" म्हणजे खरखरते, की दबते, की शिट्टी मारते? तिन्हीची कारणं वेगळी आहेत आणि त्यातल्या एकाचंच उत्तर नवीन अ‍ॅम्प असू शकतं.

नळीवाला
फरक पडतो आणि चांगलाच पडतो. व्हॉल्व्हचा (काचेच्या नळ्यांचा) अ‍ॅम्प एकदा ऐकला की ट्रान्झिस्टरचा आवाज कोरडा वाटतो. गळ्यातला ओलावा त्यात येतो, हार्मोनियमच्या सुरांना अंग येतं. बजेट असेल तर ४५ हजारात ईएल३४ व्हॉल्व्हच्या जोडीचा चांगला पुश-पुल अ‍ॅम्प बांधून मिळेल.

सोल्डरगन
नळीवालासाहेब, त्यांना मांडवात हजार माणसांना संवाद ऐकवायचे आहेत. ईएल३४ च्या एका जोडीतून ३५ ते ५० वॅट निघतात. तुम्हाला ऐकू येतो तो फरक खरा आहे, पण त्याचं कारण साधं आहे: व्हॉल्व्ह अ‍ॅम्पचा आउटपुट इम्पीडन्स (ओहममधला आतला रोध) जास्त असतो. स्पीकरचा इम्पीडन्स जिथे वर-खाली होतो तिथे आवाजाची पातळीही एखाद-दोन डेसिबलने वर-खाली होते. तोच परिणाम इक्वलायझरने देता येतो.

वऱ्हाडी_वॅट
मूळ प्रश्नाचं उत्तर कोणीच देऊन नाही राहिलं म्हणून देतो. दोन्ही अ‍ॅम्प आपापल्या मर्यादेत चालत असतील, दोघांचा फ्रिक्वेन्सी रिस्पॉन्स सपाट (जाड-बारीक सगळे सूर सारख्याच जोराने) असेल आणि पातळी अगदी सारखी लावली असेल तर कानाला फरक कळत नाही. अमेरिकेतल्या 'स्टीरिओ रिव्ह्यू' मासिकाने जानेवारी १९८७ च्या अंकात अशीच चाचणी छापली होती. त्यात २२० डॉलरच्या रिसीव्हरपासून १२ हजार डॉलरच्या व्हॉल्व्हच्या जोडीपर्यंतचे अ‍ॅम्प होते. नाव झाकलं आणि पातळी जुळवली, की ऐकणाऱ्यांना कोणता कोणता ते खात्रीने ओळखता आलं नाही.

दुकानात फरक का वाटतो तेही सांगतो. एक अ‍ॅम्प अर्धा-एक डेसिबल मोठा वाजत असला तर कान त्याला मोठा म्हणत नाही, चांगला म्हणतो. म्हणून दुकानात जाल तेव्हा मल्टिमीटर न्या. मोबाइलवर २०० हर्ट्झचा टोन लावा, स्पीकरच्या टर्मिनलवर एसी व्होल्ट मोजा, दोन्ही अ‍ॅम्पवर २.०० व्होल्ट करा. एक टक्क्यापेक्षा जास्त फरक ठेवू नका. टोन २०० चाच घ्या, स्वस्त मीटर ४०० हर्ट्झच्या वर चुकीचं दाखवतात. मग डोळे बंद करून दुसऱ्याला अदलाबदल करायला सांगा.

नळीवाला
मीटर लावून संगीत ऐकता येत नाही. आणि सतत बदल करत ऐकलं की कान गोंधळतो, त्या चाचण्यांचा तोच दोष आहे.

वऱ्हाडी_वॅट
पाहिजे तितका वेळ घ्या, एकेक अ‍ॅम्प आठवडाभर ऐका. अट एवढीच की कोणता चालू आहे ते माहीत नसावं.

मंडप_डेकोरेशन
भाऊ, अ‍ॅम्प राहू द्या, कॉर्डलेस कॉलर माइक घ्या. यूएचएफ लहरींचे घ्या, व्हीएचएफचे घेऊ नका. नटांना फिरायला मोकळं होते. सेल मात्र दर अंकाला बदलायचे.

धानपट्टी_०७
माइकचं विचारलंच नाही. माइक वरून टांगलेले आहेत, चांगले आहेत.
सोल्डरगन, जुना २५० वॅटचा आहे, दिल्लीचा. स्टेजजवळ दोन कॉलम आणि देवळाजवळच्या झाडावर दोन भोंगे. सगळे एकाच टॅपला. पहिल्या अंकात ठीक असते, नंतर खरखरते. शिट्टी नाही. आता सांगा, १४ की ४५?

सोल्डरगन
कोणत्या एकाच टॅपला? कॉलमवर मागे काय छापलं आहे? झाड किती लांब? तार कोणती? लाइट कोणते, केव्हा लावता?

कायदा_पाहा
रात्री दहानंतर लाउडस्पीकरला बंदी आहे हे लक्षात घ्या. ध्वनिप्रदूषण नियम २००० प्रमाणे रात्री १० ते सकाळी ६. राज्य सरकार वर्षात जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्री १२ पर्यंत सूट देऊ शकतं. निवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे. अ‍ॅम्प ४५ हजाराचा असो की १४ चा, हे दोघांनाही लागू.

झाडीपट्टीकर
मुद्दा बरोबर आहे, पण त्यासाठी वेगळा धागा काढा. त्याच हिशेबाने झाडावरचे भोंगे कमी आवाजात ठेवले आणि मांडवातल्या कॉलमवर भर दिला तर गावालाही त्रास नाही आणि प्रेक्षकालाही नीट ऐकू येते.

धानपट्टी, टांगलेले माइक किती आहेत? सगळे एकदम उघडे ठेवू नका. उघडे माइक दुप्पट झाले की शिट्टी यायच्या आधी मिळणारा आवाज ३ डेसिबलने घटतो. चारचे आठ केले की तेवढा हातचा गेला, मग ऑपरेटर मास्टर (एकूण आवाजाचं बटण) वर ढकलते आणि अ‍ॅम्प फाटतो. प्रवेशाप्रमाणे दोन-तीनच उघडे ठेवा.

धानपट्टी_०७
४ ओहमच्या टॅपला. कॉलम ८ ओहम, ८० वॅट, दोन्ही पॅरलल. भोंग्याचे युनिट (मागचा आवाज काढणारा भाग) १६ ओहमचे, ६० वॅटचे. झाड १२० मीटर. तार २३/७६ ची (२३ बारीक तारांची), दोन भोंग्यांना मिळून एकच. लाइट हॅलोजनचे, पहिल्या अंकानंतर चारही लावतो कारण मागच्या लोकांना दिसत नाही. त्याचा इथं काय संबंध?

सोल्डरगन
संबंध तोच आहे. तुमचा अ‍ॅम्प खराब नाही. ओळीने पाहू.

लोड: दोन कॉलम पॅरलल म्हणजे ४ ओहम. दोन भोंगे पॅरलल म्हणजे ८, पण २३/७६ ची तार जाण्या-येण्याची २४० मीटर झाली. तिचा रोध किलोमीटरला साधारण २६ ओहम, म्हणजे तारेचेच ६ ओहमच्या वर. म्हणून भोंग्याकडची बाजू १४ ओहम. ४ आणि १४ पॅरलल केले की ३.१ उरतात. ४ च्या टॅपवर २५० वॅटला ३१.६ व्होल्ट येतात. ३.१ ओहमला तेवढे व्होल्ट दिले तर ३२० वॅट मागणी झाली. अ‍ॅम्प २५० चा. त्यातच ८० वॅटच्या कॉलमला पूर्ण आवाजात १२५ वॅट मिळतात, ते वेगळंच. आणि भोंग्याकडे पाठवलेल्या वॅटपैकी ४४ टक्के तार गरम करण्यात जातात.

आता व्होल्टेज मोजा. अ‍ॅम्पच्या बोर्डवर, हॅलोजन बंद असताना आणि चारही चालू असताना. आकडे इथे टाका. मांडवात लाइन कुठून आणि कोणत्या तारेने आणली तेही.

वऱ्हाडी_वॅट
मग १४ हजाराचा घेतला तरी हेच होईल, ४५ चा घेतला तरी हेच होईल. तारेत ४४ टक्के घालवायचे असतील तर कोणताही चालेल.

अमरावती_पीए
मी इथे थोडा वेगळा. महागाचा काहीच उपयोग नाही असं सांगू नका. रात्रभर चालणाऱ्या कामात पैसे आवाजाला नाही, टिकण्याला दिलेले असतात: मोठा ट्रान्सफॉर्मर, जाड हीटसिंक, डीसी आला तर स्पीकरची जोडणी तोडणारा रिले, खऱ्या ५२००-१९४३ ट्रान्झिस्टरच्या जोड्या. स्वस्त असेंबल अ‍ॅम्पमध्ये बनावट ५२०० असतात. वरून तसेच दिसतात, पण आतली चिप छोटी असते आणि ४ ओहमवर तासाभरात शॉर्ट होतात. ट्रान्झिस्टर शॉर्ट झाला की पूर्ण डीसी कॉलमच्या कॉइलवर, रिले नसेल तर कॉइल जळाली.

शिवाय ४५ वाला पीएफसी (कमी-जास्त व्होल्टेज सांभाळणारं सर्किट) असलेल्या एसएमपीएसचा (स्विचिंग पॉवर सप्लायचा) असेल तर १७० व्होल्टवरही आतले रेल (ट्रान्झिस्टरला मिळणारे व्होल्ट) सारखे राहतात. साध्या ट्रान्सफॉर्मरच्या अ‍ॅम्पचं तसं नाही, बाहेरचं व्होल्टेज पडलं की वॅट त्याच्या वर्गाने पडतात. घेताना पीएफसी आहे का ते विचाराच, नुसतं एसएमपीएस लिहिलं म्हणजे झालं असं नाही.

धानपट्टी_०७
मोजलं. हॅलोजन बंद २२८, चारही चालू १८७. हॅलोजन १००० वॅटचे आहेत. देवळाच्या मीटरपासून मांडवापर्यंत १०० मीटर, दीडची (१.५ चौरस मिमीची) तार. स्टॅबिलायझर घेऊन टाकू का मग?

सोल्डरगन
स्टॅबिलायझर नको. तुमच्याकडे वीज बरोबर येते आहे, ती तुमच्याच तारेत पडते आहे. १.५ स्क्वेअरची तार, दोन्ही बाजूंची मिळून २०० मीटर, म्हणजे २.४ ओहम. चार हॅलोजन १५ अँपिअरच्या आसपास ओढतात. ३५ व्होल्ट तारेतच गेले, बाकीचे जोडांमध्ये. ते जोड आज हाताने तपासा, चालू करून अर्ध्या तासाने मुख्य स्विच पाडून. टेप गरम किंवा नरम लागली तर तो जोड कापून नवा करा. मंडपाच्या कापडाजवळ असा जोड म्हणजे आगीला आमंत्रण आहे.

२२८ चे १८७ झाले म्हणजे वॅट ६७ टक्क्यांवर आले. २५० चा अ‍ॅम्प १७० च्या आसपास देईल आणि मागणी ३२० ची आहे. दुसऱ्या अंकात फाटणारच.

उपाय: अ‍ॅम्प आणि मिक्सरला मीटरपासून स्वतंत्र तार ओढा, अडीचची पुरते. लाइट त्या तारेवर एकही नको. हॅलोजनच्या जागी २०० वॅटचे एलईडी फ्लड भाड्याने मिळाले तर उत्तम, नाही तर लाइटची तार ४ स्क्वेअरची करा.

अमरावती_पीए
आणि भोंगे १०० व्होल्ट लाइनवर टाका (व्होल्ट जास्त, करंट कमी, म्हणून तारेत कमी जाते). प्रत्येक युनिटला ३० वॅटचा लाइन मॅचिंग ट्रान्सफॉर्मर, सेकंडरी (युनिटकडची बाजू) १६ ओहम. १०० व्होल्टवर ३० वॅट म्हणजे ३३३ ओहम, दोन मिळून १६७. तीच २३/७६ ची तार राहिली तरी नुकसान चार टक्क्यांच्या आत येते. ट्रान्सफॉर्मर न लावता १६ चं युनिट चुकूनही १०० व्होल्टच्या टॅपला जोडू नका, ६२५ वॅट मागेल आणि कॉइल त्याच क्षणी जाईल.

कॉलम दोन्ही सिरीजमध्ये करा, १६ ओहम होतील, आणि ८ च्या टॅपला लावा. ८ च्या टॅपवर ४४.७ व्होल्ट, म्हणजे दोघांत मिळून १२५ वॅट, एकेकाला ६२. भोंग्यांचे ६० धरून एकूण १८५. अ‍ॅम्प २५० चा, हात मोकळा राहिला.

नळीवाला
लाइन ट्रान्सफॉर्मरमधून ढोलकीचा आवाज मरतो, हे तरी मान्य कराल?

अमरावती_पीए
मान्य. छोट्या ट्रान्सफॉर्मरचा गाभा खालच्या फ्रिक्वेन्सीला भरून जातो. पण तो भोंग्यावर आहे आणि भोंगा तसाही तीनशे हर्ट्झच्या खाली काही देत नाही. ढोलकी कॉलममधून ऐकू येणार आणि कॉलम थेट टॅपवर आहेत.

वऱ्हाडी_वॅट
८ चा टॅप आणि १०० व्होल्टचा टॅप एकदम वापरता येतो का? काही कंपन्यांच्या पुस्तिकेत एकच वापरा असं लिहिलेलं असते.

अमरावती_पीए
वाइंडिंग एकच असते, त्यामुळे एकूण वॅट मर्यादेत असले की चालते. पण पुस्तिकेत स्पष्ट मनाई असेल तर पुस्तिकेचं ऐका आणि भोंग्यांना वेगळा ६० वॅटचा, १०० व्होल्ट टॅपचा छोटा अ‍ॅम्प द्या. पूर्ण ६० वर चालवू नका, ट्रान्सफॉर्मरचे टॅप १५ वॅटवर लावा.

धानपट्टी_०७
म्हणजे नवीन घ्यायचाच नाही? वर्गणीचं काय सांगू लोकांना?

झाडीपट्टीकर
तार, दोन लाइन ट्रान्सफॉर्मर, एलईडी यात वर्गणी लावा. उरलं तर तिसरा कॉलम घ्या, तोही ८० वॅटचा. मांडवाच्या मध्ये उभा करा. स्टेजपासून ८ मीटरवरचा माणूस आणि ३२ मीटरवरचा माणूस यांच्यात मोकळ्यावर १२ डेसिबलचा फरक असते. तेवढा आवाज अ‍ॅम्पने भरून काढायचा तर १६ पट वॅट लागतात. कॉलम जवळ नेणं स्वस्त. लावायचा कसा ते सोल्डरगन सांगतील, नुसता पॅरलल टोचू नका.

सोल्डरगन
तिसऱ्यालाही लाइन ट्रान्सफॉर्मर, ६० वॅटचा, सेकंडरी ८ ओहम, आणि १०० व्होल्टच्या तारेवर. एकूण २४५ होतात, म्हणजे काठावर. म्हणून भोंग्यांचे टॅप १५ वर आणा, २१५ होतील.

आणखी एक. भोंग्यांसोबत कपॅसिटर लावा, खालचा आवाज युनिटच्या पडद्याला मारतो. बाजारात युनिटच्या बाजूने २० मायक्रोफॅरड लावतात, पण लाइन ट्रान्सफॉर्मर असेल तर १०० व्होल्टच्या बाजूने लावलेला चांगला, गाभाही वाचतो. ३० वॅटच्या टॅपला प्रत्येक ट्रान्सफॉर्मरच्या एका तारेत २.५ मायक्रोफॅरड, म्हणजे पंख्याचाच कपॅसिटर, ४४० व्होल्टचा. १९० हर्ट्झच्या खालचं कापतो. टॅप १५ वर ठेवला तर इम्पीडन्स दुप्पट होते, तेव्हा १.५ चा घ्या, १६० हर्ट्झ येतात. पंख्याच्या दुकानात दोन्ही मिळतात.

जोडणी अ‍ॅम्प बंद करूनच करा. १०० व्होल्टच्या लाइनला झटका बसतो, आणि झाडावर चढलेल्या माणसाला तो बसायला नको. जोड झाले की माइक बंद ठेवून एक भोंगा, मग दुसरा, असं एकेक वाजवून पाहा. दोन्ही वाजतात पण समोर उभं राहिलं की आवाज पोकळ लागतो असं झालं तर एकाच्या दोन तारा उलट्या करा.