पुट्टीला पाणी लावू नका
एकाने विचारलंय की गाडीच्या पत्र्याच्या खळग्यात पुट्टी भरून, वॉटर पेपरने (पाण्यासोबत वापरायच्या सँडपेपरने) पाणी मारत घासून प्रायमर मारला, तरी दरवाजावर बारीक फोड का आले. गडबड पाण्याचीच आहे. पॉलिएस्टर पुट्टी पाणी पिते. ते प्रायमरखाली अडकतं आणि पत्रा आतून गंजतो. पुट्टी कोरडीच घासा: ८०, मग १८०, शेवटी ३२० नंबरचा सँडपेपर, तोही ठोकळ्याला गुंडाळून. नुसत्या बोटांनी घासलं की बोटांच्या रुंदीच्या चऱ्या पडतात, आणि त्या दिसतात थेट चकचकीत रंगातच!

पुट्टीत मिसळायचा हार्डनर (ती कडक करणारी पेस्ट) वजनाने साधारण २ टक्के. लवकर सुकावी म्हणून जास्त घातला (घालतातच), तर त्याचा डाग वरच्या रंगातून फुटतो.

उघड्या पत्र्यावर आधी इपॉक्सी प्रायमर, त्यावर टू-के सरफेसरचे (हार्डनर मिसळून मारायचा, बारीक खळगे भरणारा जाड प्रायमर) २-३ हात, मध्ये १०-१५ मिनिटं. पूर्ण सुकल्यावर काळ्या स्प्रेचा अगदी हलका फवारा मारून घासा. काळं उरलं तिथे खळगा, पत्रा दिसला तिथे उंचवटा.

टू-केच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट हे श्वासातून जाणारं घातक रसायन असतं, कापडी मास्क त्यापुढे काही कामाचा नाही. बाहेरून हवा पुरवणारा मास्क नसेल तर एवढं काम पेंटरकडेच द्या.